दोन वलये

आमच्या बेळगावात एकाच दुखण्याला शेजारशेजारच्या दोन घरांत दोन नावे आहेत. मराठी घरातली बाई हळूच सांगते, "उन्हाळी लागलीय." भिंतीपलीकडच्या कानडी घरात तेच दुखणे 'उरिमूत्र' होते. भाषा निराळ्या, पण दोन्हीकडे सांगताना आवाज मात्र सारखाच खाली येतो. उपायही तेच. रात्री भिजवलेल्या धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, बार्लीची पेज, नाहीतर गोखरूचा काढा. दुखणे जुनेच आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत 'मूत्रकृच्छ्र' म्हणून त्याचा सविस्तर विचार केलेला आढळतो.

मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. या शहरातल्या एका प्रयोगशाळेत १९७८ पासून २०१२ पर्यंत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, एवढीच माझी पात्रता. चौतीस वर्षे लोकांच्या लघवीचे नमुने तपासले. ऐन दिवाळीत हा काय विषय, असे वाचक म्हणतील. पण या नमुन्यांमागे एक शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचे शेवटचे पान आपल्या सगळ्यांच्या घरातल्या औषधाच्या डब्यात लिहिले गेले आहे. म्हणून हे धाडस.

आमच्या कामात दोन तबकड्या असत. पहिली लाल. मेंढीचे रक्त मिसळून घट्ट केलेल्या आगरची. तिच्यावर नमुन्यात बुडवलेली तार फिरवायची आणि तबकडी रात्रभर सदतीस अंशांच्या पेटीत ठेवायची. सकाळी जंतूंचे करडे ठिपके उगवलेले दिसत. त्यातल्या काहींच्या भोवती रक्ताचा लाल रंग नाहीसा होऊन स्वच्छ, पारदर्शक वलय पडलेले असे. त्या जंतूने सोडलेल्या विषाने तांबड्या पेशी फुटल्या, असा त्याचा अर्थ.

दुसरी तबकडी फिकट, गव्हाच्या काडाच्या रंगाची. तिच्यावर तोच जंतू सर्वत्र पसरायचा आणि वर औषध भिजवून वाळवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या मांडायच्या. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंची साय धरलेली असे. फक्त लागू पडणाऱ्या औषधाच्या चकतीभोवती मोकळे वलय दिसे. तिथे जंतू वाढू शकलेला नसे. पट्टीने ते वलय मोजायचे आणि अहवालात त्या औषधापुढे 'एस' किंवा 'आर' लिहायचे.

पहिले वलय जंतूच्या हत्याराचे, दुसरे आपल्या हत्याराचे. माझ्या नोकरीच्या काळात पहिले होते तसेच राहिले आणि दुसरे आक्रसत गेले. असे का झाले, ते शोधण्याचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. त्यामागे एक घरगुती कारणही होते. ते पुढे सांगेन.

या कथेची सुरुवात १८८५ साली जर्मनीतल्या म्युनिक शहरात होते. थिओडोर एशेरिष नावाचा तरुण बालरोगतज्ज्ञ तिथे तान्ह्या बाळांची शी तपासत होता. त्या काळी तान्ही मुले जुलाबांनी फार दगावत. त्यामागचा जंतू शोधायचा, तर आधी निरोगी बाळाच्या पोटात कोण कोण राहते ते पाहिले पाहिजे, असा त्याचा साधा विचार होता. जन्मतः बाळाचे आतडे जवळजवळ कोरे असते, पण काही तासांतच तिथे जंतूंची वस्ती होते, हे त्याने दाखवले. त्यातल्या एका काडीसारख्या जंतूला त्याने नाव दिले 'बॅक्टेरियम कोलाय कम्युन'. म्हणजे मोठ्या आतड्यातला सर्वसाधारण जंतू. पुढे १९१९ साली त्याच्याच नावावरून 'एशेरिशिया कोलाय' हे नाव सुचवले गेले. आज आपण 'ई. कोलाय' म्हणतो तो हाच.

याच एशेरिषने १८९४ साली लहान मुलींच्या मूत्राशयाच्या दाहावर लिहिताना त्या दुखण्यामागे हाच जंतू असल्याचे नोंदवले. आतड्यात मुकाट्याने नांदणारा भाडेकरू मूत्रमार्गात शिरला की घर पेटवतो. बाईचा मूत्रमार्ग आखूड आणि गुदद्वाराच्या जवळ, म्हणून हा त्रास बायकांना अधिक. त्यात आपल्याकडची बाई बाहेरगावी निघाली की वाटेत सोय नाही म्हणून पाणीच पीत नाही. माझी आई बेळगावहून पंढरपूरला एस.टी.ने जायची, ती सकाळच्या चहावर थेट विठोबाच्या दारात उतरायची. परत आली की दोन दिवसांत धन्या-जिऱ्याचे पाणी ठरलेले.

आता प्रश्न असा, की हा जंतू तर सगळ्यांच्याच पोटात आहे. मग तो काहींनाच का बाधतो? पोटातला कोणताही कोलाय संधी मिळाली की वर चढतो, की चढणारी जात मुळातच वेगळी असते? १९२१ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या लेनर्ड डजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्ररोगातल्या कोलायवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी नेमके आमचे ते पहिले वलय पाहिले होते. रक्त फोडणारा कोलाय मूत्ररोगाच्या नमुन्यांत त्यांना पुनःपुन्हा भेटत होता. निरोगी माणसाच्या आतड्यात तो त्यामानाने विरळा. म्हणजे चढणारी जात वेगळी असावी, ही शंका तेव्हापासूनची. तिचे उत्तर मिळायला पुढे साठ वर्षे लागली.

तोवर औषधांची बाजू पाहू. १८९० च्या दशकात जर्मनीत आर्थर निकोलायर यांनी हेक्झामिन हे औषध मूत्रमार्गासाठी आणले. आम्ल मूत्रात त्याचे विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड तयार होते आणि जंतू मरतो. मग १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिलचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले. पाठोपाठ पेनिसिलिन आले. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि 'पेनिसिलिन' हा शब्द मराठी घरांत कायमचा रुळला.

परंतु एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पेनिसिलिनचा नाश करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, हे औषध माणसाला टोचण्याच्या आधीच सापडले होते. ऑक्सफर्डच्या एडवर्ड एब्रहॅम आणि अर्न्स्ट चेन यांनी डिसेंबर १९४० मध्ये ते प्रसिद्ध केले. रोगी म्हणून पहिल्या माणसाला पेनिसिलिन मिळाले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. आणि हे विकर त्यांना कोणत्या जंतूत मिळाले? आपल्याच कोलायमध्ये! म्हणजे आपण तलवार उपसण्याआधीच समोरच्याच्या घरात ढाल टांगलेली होती.

१९६१ मध्ये अँपिसिलिन आले. पेनिसिलिनला दाद न देणारा कोलाय या नव्या भावंडापुढे नमला. पण आनंद चार वर्षे टिकला. ग्रीसमधल्या अथेन्स शहरातल्या एका रुग्णाच्या कोलायमध्ये अँपिसिलिन फोडणारे विकर सापडले आणि त्याचा वृत्तांत नेओमी दत्ता व पोलिक्सेनी कोंतोमिखालू यांनी १९६५ साली प्रसिद्ध केला. त्या विकराला 'टेम' म्हणतात. महत्त्वाची बाब अशी, की ते एका जंतूतून दुसऱ्या जंतूत जाऊ शकत होते.

हे जाणे-येणे प्रथम जपानने ओळखले. युद्धानंतर तिथे जंतुज आमांशाच्या साथी जोरात होत्या. आधी सल्फा चालेनासे झाले. मग १९५० च्या दशकात असे जंतू दिसू लागले, की सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चौघांनाही एकदम जुमानत नाहीत. एकच औषध घेतलेल्या रुग्णातला जंतू चारही औषधांना पुरून उरतो, हे कोडे होते. एकामागून एक चार बदल आपोआप घडावेत, हे गणितात बसेना. १९५९ साली ओचिआई आणि आकिबा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की प्रतिकार करणारा आमांशाचा जंतू आणि साधा कोलाय एकत्र वाढवले, तर कोलायही चारही औषधांना प्रतिकार करू लागतो. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली हे सारे इंग्रजीत सविस्तर मांडले, तेव्हा कुठे पाश्चात्त्यांचे डोळे उघडले.

जंतूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्याजवळ जनुकांची छोटी सुटी वेटोळी असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. एक जंतू दुसऱ्याला चिकटून या वेटोळ्याची प्रत त्याच्या हाती देतो. दोघे एका जातीचे असलेच पाहिजेत, असेही नाही. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द आपण मराठी म्हणूनच वापरतो. ते कानडीकडून कधी आले, हे वापरणाऱ्याला आठवतही नाही. शेजारी राहिले की देवघेव होतेच. जंतू देतात-घेतात ते शब्द नव्हे, ढाली.

आमच्या प्रयोगशाळेपर्यंत हा इतिहास दोन वाटांनी आला. बॉस्टनच्या एडवर्ड कॅस यांनी १९५० च्या दशकात ठरवून दिले, की एका मिलिलिटरमध्ये १ लाख किंवा अधिक जंतू असले तर तो खरा संसर्ग मानावा. कमी असतील तर बाहेरून मिसळले असण्याची शक्यता धरावी. आणि १९६६ साली अमेरिकेत बाउअर, कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चकत्यांची पद्धत प्रमाणित केली. कोणत्या औषधाचे वलय किती मिलिमीटर भरले म्हणजे 'एस' लिहायचे, त्याची कोष्टके आली. माझ्या टेबलाच्या काचेखाली तसले एक कोष्टक होते. मी रुजू झालो तेव्हा आमच्या चकत्यांत अँपिसिलिन, टेट्रासायक्लिन, कोट्रायमॉक्साझोल, नायट्रोफ्युरँटॉइन, नॅलिडिक्सिक आम्ल आणि जेंटामायसिन अशी नावे होती. यातले नॅलिडिक्सिक आम्ल मोठे गमतीचे. हिवतापाचे क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका उपपदार्थावरून त्याचा शोध लागला आणि १९६२ साली जॉर्ज लेशर व सहकाऱ्यांनी तो जाहीर केला. त्याचेच पुढचे वंशज म्हणजे नॉरफ्लॉक्सॅसिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन. १९८० च्या दशकात ती आली, तेव्हा त्यांच्या चकतीभोवतीचे वलय इतके मोठे पडे, की शेजारच्या चकतीच्या वलयात मिसळून जाई. आम्ही ती तबकडी एकमेकांना कौतुकाने दाखवत असू.

याच सुमारास पहिल्या वलयाचेही कोडे सुटत होते. १९७६ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कॅथरिना स्वानबोर्ग-एडेन यांनी दाखवले, की मूत्ररोगातला कोलाय मूत्रमार्गाच्या पेशींना घट्ट चिकटतो. चिकटण्यासाठी त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. म्हणून तर लघवीच्या धारेबरोबर तो वाहून जात नाही. रक्त फोडणाऱ्या विषाला हिमोलायसिन म्हणतात. त्याची चार जनुके एका ओळीत असतात. एक विष बनवते, दुसरे त्याला धार लावते, उरलेली दोन ते जंतूबाहेर नेऊन सोडतात. हे विष पेशीच्या आवरणाला भोके पाडते. ते केवळ तांबड्या पेशींनाच नव्हे, मूत्रपिंडाच्या पेशींना आणि लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींनाही भोवते. १९८१ साली वेल्च, फॅल्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी ही जनुके निरुपद्रवी कोलायमध्ये घालून प्राण्यांवर प्रयोग केले. तो जंतू अधिक घातक झाला. डजन यांची साठ वर्षांपूर्वीची शंका खरी ठरली. १९८३ मध्ये रोमला काप्रिओली आणि सहकाऱ्यांना आणखी एक विष सापडले आणि ते पुष्कळदा हिमोलायसिनच्या सोबतीनेच आढळते, हेही पुढे कळले.

ही सोबत का? त्याचे उत्तर जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गच्या यॉर्ग हाकर आणि सहकाऱ्यांनी दिले. एका रुग्णाच्या मूत्रपिंडदाहातून मिळालेला कोलाय प्रयोगशाळेत वाढवताना त्यांना दिसले, की कधीकधी तो एका दमात विषही गमावतो आणि चिकटण्याचे तंतूही. म्हणजे ही जनुके विखुरलेली नसून गुणसूत्रावर एका जागी गठ्ठ्याने बसलेली होती आणि गठ्ठाच गळून पडत होता. १९९० साली त्यांनी त्या गठ्ठ्याला 'रोगकारक बेट' असे नाव दिले. हे बेट मूळचे त्या जंतूचे नसते, कधीकाळी दुसऱ्याकडून आलेले असते. २००२ मध्ये मूत्रपिंडदाहाच्या एका कोलायचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. प्रयोगशाळेतला साधा कोलाय, अन्नविषबाधेचा कोलाय आणि हा मूत्ररोगाचा कोलाय, या तिघांची सगळी प्रथिने एकत्र मांडली तेव्हा तिघांत समान निघाली ती जेमतेम ३९ टक्के. एकाच आडनावाची तीन घराणी, पण दागिने प्रत्येकाचे वेगळे.

आता या कथेचा गाभा. विषाची जनुके ही तलवार आणि औषधाला दाद न देणारी जनुके ही ढाल. जंतू दोन्ही एकदम बाळगतो का? बरीच वर्षे अशी समजूत होती, की सहसा नाही. २००२ साली बार्सिलोनाच्या जॉर्डी विला आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की नॅलिडिक्सिक आम्लाला प्रतिकार करणाऱ्या कोलायमध्ये हिमोलायसिन आणि ते दुसरे विष कमी आढळते. २००६ मध्ये त्याच गटाने त्याचे एक कारणही पुढे आणले. क्विनोलोन औषधाच्या माऱ्यात काही जंतूंची ती रोगकारक बेटेच गळून पडतात. मलाही माझ्या टेबलावर असे वाटत असे, की ज्या जंतूपुढे नॅलिडिक्सिकचे वलय पडत नाही, त्याची रक्ताची तबकडी बहुधा लालच राहते. मी मोजदाद ठेवली नव्हती, म्हणून त्याला पुरावा म्हणता यायचे नाही. पण मनात एक दिलासा होता. ढाल घेतली तर तलवार टाकावी लागते, निसर्गाचा न्याय आहे!

तो न्याय नव्हता, योगायोग होता. २००८ साली युरोपातल्या संशोधकांनी जाहीर केले, की तीन खंडांतून गोळा केलेल्या प्रतिकारक कोलायमध्ये एकच वंश आढळतो आहे. त्याला नाव मिळाले 'एसटी-१३१'. आपल्याला हे महामंडळाच्या गाडीचे नाव वाटेल आणि ते अगदीच चुकीचे नाही. ही गाडी जगभर फिरते आणि प्रत्येक थांब्यावर काहीतरी चढवून घेते. जनुकांच्या हिशेबावरून असे दिसते, की तिची क्विनोलोनला न जुमानणारी शाखा १९८० च्या दशकात, म्हणजे ती औषधे वापरात येत होती त्याच सुमारास, उदयाला आली. आम्ही मोठ्या वलयाची तबकडी कौतुकाने पाहत होतो, तेव्हाच! या वंशाच्या बहुतेक जंतूंत 'सॅट' नावाच्या विषाचे जनुक असते. ते आमच्या लाल तबकडीवर वलय पाडून दिसत नाही. काहींत हिमोलायसिनही असते. शिवाय त्याच्या प्लाझ्मिडवर सेफालोस्पोरिन गटाची भारी इंजेक्शने फोडणारे विकरही असते. तलवार आणि ढाल, दोन्ही एका हाती.

त्या विकराच्या नावातही इतिहास आहे. त्याच्या घराण्याला 'सीटीएक्स-एम' म्हणतात. त्यातला 'एम' म्हणजे म्युनिक, कारण त्याचा पहिला कोलाय १९८९ मध्ये म्युनिकला मिळाला होता. ज्या गावात एशेरिषने या जंतूची ओळख करून दिली, त्याच गावाचे नाव शंभर वर्षांनी त्याच्या ढालीला लागले. हे जनुक मूळचे क्लुव्हेरा नावाच्या, माणसाला सहसा न बाधणाऱ्या जंतूचे. तिथून ते उचलले गेले. आणि या घराण्यातले आज जगभर सर्वाधिक पसरलेले भावंड, 'सीटीएक्स-एम-१५', प्रथम ओळखले गेले ते १९९९ साली नवी दिल्लीच्या एका रुग्णालयात मिळालेल्या जंतूंत. २००८ मध्ये नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत शेवटच्या फळीच्या औषधांनाही न जुमानणारा क्लेब्सिएला जंतू मिळाला. त्याच्या विकराला दिल्लीचे नाव दिले गेले, 'एनडीएम-१'. २०१० मध्ये या नावावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! देशाची बदनामी झाली, असे म्हटले गेले. राग समजण्यासारखा होता. पण नावावर जेवढी चर्चा झाली तेवढी दुखण्यावर झाली नाही.

आता ते घरगुती कारण. २०१० सालच्याच पावसाळ्यात माझ्या आईला, वय वर्षे ७८, एका रात्री हुडहुडी भरून ताप आला. पहाटे ती मला माझ्या मामाच्या नावाने हाका मारू लागली. मामा जाऊन वीस वर्षे झाली होती. रुग्णालयात हलवले. तिथली परिचारिका कानडी. तिने आईच्या कानाशी वाकून विचारले, "अज्जी, उरिमूत्र इत्ता?" आईने मान हलवली. चार दिवसांपासून तिला उन्हाळी लागली होती आणि तिने कुणाला सांगितले नव्हते.

नमुना आमच्याच प्रयोगशाळेत आला. मीच तार फिरवली. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर लाल तबकडीवर प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ, गोल वलय. आणखी एका दिवसाने फिकट तबकडी काढली. नॉरफ्लॉक्सॅसिनच्या चकतीला जंतू अगदी टेकून उगवले होते. कोट्रायमॉक्साझोलचे तेच. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे तेच. वलय उरले होते ते अमिकासिन, इमिपेनेम आणि नायट्रोफ्युरँटॉइन यांचे. त्यातले नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरते चांगले, पण रक्तात उतरलेल्या संसर्गाला ते पुरत नाही. चौतीस वर्षांत हजारो तबकड्या वाचल्या, पण 'आर' लिहिताना हात थांबला तो तेवढा एकदाच.

कारण ती तबकडी मला ओळखीची होती. चौदा वर्षे आईला जळजळ झाली, की कोपऱ्यावरच्या ओळखीच्या मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सॅसिनची पट्टी आणणारा मीच. दोन दिवसांत बरे वाटे. उरलेल्या गोळ्या आई जपून ठेवी, पुढच्या वेळेला होतील म्हणून. ज्याने दिवसभर दुसऱ्यांना "आधी नमुना द्या" म्हणून सांगायचे, त्याने स्वतःच्या आईचा नमुना एकदाही घेतला नाही. त्यात थोडा आळस होता आणि थोडा संकोचही. मुलाने आईपाशी तो विषय कसा काढायचा? नेमका तोच जंतू माझ्या गोळ्यांमुळे घडला, असे शास्त्र म्हणणार नाही. तो कुठूनही आला असेल. पण त्याच्यासाठी आईच्या पोटातली जागा चौदा वर्षे झाडून-पुसून मोकळी ठेवायला मी मदत केली, हे खरे आहे.

मेरोपेनेमची इंजेक्शने दहा दिवस चालली. आई वाचली. घरी आल्यावर एके संध्याकाळी तिने विचारले, "माझ्या त्या गोळ्यांनी झालं का रे हे?" मी "नाही" म्हणालो. त्यानंतर पाच वर्षे ती जगली. तो प्रश्न तिने पुन्हा काढला नाही.

इतिहास लिहिणाऱ्याने उपदेश करू नये म्हणतात. पण घडले ते सांगतो. १ मार्च २०१४ पासून आपल्या देशात काही भारी प्रतिजैविके 'एच-१' या वेगळ्या यादीत आली. दुकानदाराने त्यांची नोंद ठेवलीच पाहिजे, असा नियम झाला. २०१६ पासून पाकिटावरच्या लाल रेघेकडे लक्ष वेधणारी मोहीम झाली. तरीही गोळी अजून मिळते आणि अजून उरते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने अंदाज केला, की २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट जंतूंच्या औषधप्रतिकारामुळे झाले. त्या यादीत सर्वांत वर नाव होते आपल्या कोलायचे.

दिलासा देणाऱ्याही गोष्टी आहेत. १९५० च्या दशकातले नायट्रोफ्युरँटॉइन, जे आम्ही जुने म्हणून बाजूला सारले होते, ते साध्या मूत्राशयदाहासाठी पुन्हा पहिल्या पंक्तीत बसले आहे. आणि निकोलायरचे ते हेक्झामिन! उन्हाळी वारंवार लागणाऱ्या बायकांवर ब्रिटनमध्ये झालेली एक चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. रोज थोडे प्रतिजैविक देण्यापेक्षा हे शंभर वर्षांहून जुने औषध फारसे कमी पडत नाही, असे तीत दिसले. पणजोबांची काठी पुन्हा कामाला आली म्हणायची.

बाकी करायचे ते फार अवघड नाही. जळजळ सुरू झाली की गोळीआधी नमुना द्यावा, पहिली धार सोडून मधली. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस, तेवढेच औषध घ्यावे. कसलाच त्रास नसताना केवळ अहवालात जंतू दिसले म्हणून म्हाताऱ्या माणसाला गोळ्या चारू नयेत, गरोदरपणाची गोष्ट मात्र वेगळी. आणि सगळ्यांत आधी, घरातल्या बाईला हे दुखणे मोठ्या आवाजात सांगता आले पाहिजे, मग ते मराठीत असो की कानडीत. एस.टी. स्टँडावर स्वच्छ सोय असली, तर ती प्रवासात पाणीही पिईल.

आई २०१५ साली गेली. दिवस झाल्यावर तिची शिवणाची पेटी आवरायला घेतली. सुया, काजे-बटणांची डबी, पंढरपूरचा बुक्का. तळाशी कागदात गुंडाळलेली नॉरफ्लॉक्सॅसिनची पट्टी निघाली. सहा गोळ्या शिल्लक होत्या. कागदावर तिच्या अक्षरात लिहिले होते, 'उन्हाळीच्या'.